दाराशी बसेल तो फाटक उघडेल

...नाही नाही, हसा, तुम्ही खुशाल हसा, पण आधी मला एक सांगा, रस्त्यावर फाटकं चौदा आणि माणूस गाडीतून उतरला सतरा वेळा, हे कुठल्या शाळेत शिकवतात? आणि हे नुसतं जाताना, बरं का! येतानाचं तर मी अजून तोंडातून काढलेलंच नाही. हा गुडघा बघा. हा डावा. वाजतो आता. ऐकू आलं? येईल येईल, जरा गप्प बसा म्हणजे येईल.

कारण आमच्याकडे रस्ता लोकांच्या गुरांच्या कुरणांतून जातो, दर कुंपणाला फाटक, आणि त्याला नियम आहे ना! सरकारनं केलेला नाही, कुठं लिहून ठेवलेला नाही, पण कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही. दाराशी बसेल तो फाटक उघडेल. झालं. जो चालवतो तो चालवतो, जो मध्ये बसतो तो राजा, आणि जो दाराशी बसतो त्यानं उतरायचं, साखळी काढायची, फाटक ढकलायचं, गाडी पलीकडे जाऊ द्यायची, फाटक लावायचं, साखळी अडकवायची, धूळ खात पळत यायचं आणि वर माशा घेऊन आत बसायचं. आमच्या पिकअपला पुढं एकच सलग बाकडं. स्टिअरिंगवर माझी बायको ग्लेनिस, कारण मी चालवलं की तिच्या वडिलांना मळमळतं. एकतीस वर्षं मळमळतंय! मध्ये ते वडील, म्हणजे माझा सासरा, मर्व्ह, वय वर्षं त्र्याऐंशी. आणि दाराशी? अहो, विचारताय काय?

आता हा म्हातारा मला काय म्हणतो माहितीये? 'पाव्हणं.' लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्याच्या गावात, बिडल्स वेलमध्ये, मी एकतीस उन्हाळे काढले, त्याच्या घराचं छप्पर मी दोनदा बदललं, पण माझा जन्म समुद्रकाठचा ना! मग मी पाव्हणंच! "काय पाव्हणं, उकडतंय का?" "काय पाव्हणं, समुद्राची आठवण येते का?" आणि बोलायचं कसं, तर अगदी अहो-जाहो करून. प्रेमानं नव्हे हो! परक्या माणसाला करतात ना, तसं.

त्यात गेल्या वर्षापासून त्याच्या डोळ्यांचं बिनसलं. नजरेच्या बरोब्बर मधोमध काळा डाग. कडेकडेनं दिसतं, मधलं दिसत नाही. म्हणजे तुमचा चेहरा बघायचा असला तर तो तुमच्या कानाच्या पलीकडं बघतो. मला हे कळायला चार महिने लागले, कारण माझ्याशी तो आधीपासूनच तसा बोलायचा! अॅडलेडच्या डॉक्टरनं सांगितलं, डाग पसरतोय, हिवाळा सरेपर्यंत कडाही जातील. म्हातारा हे ऐकून काय म्हणाला? "बरं." एवढंच. गाडीत बसला. तीनशे किलोमीटर गप्प. आणि मग एकदम म्हणाला, "ग्लेनिस, मिल्ड्रेडला पाणी आलंय म्हणे."

मिल्ड्रेड म्हणजे तळं. म्हणायला तळं! ज्या सर्व्हेवाल्यानं नकाशा काढला त्यानं आपल्या बायकोचं नाव दिलं. पुढं ती बायको कधी तिकडं फिरकली नाही आणि पाणीही फिरकलं नाही. नुसतं मीठ. या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत पांढरंफटक मीठ, बघून डोकं दुखतं. आणि त्या मिठाकडं जाणारा जो कच्चा रस्ता आहे ना, तो माझ्या सासऱ्यानं छत्तीस वर्षं ग्रेडरनं, म्हणजे ते पात्याचं मोठं यंत्र असतं ना, त्यानं खरवडून सपाट केला. एकदा या टोकाकडून त्या टोकाकडं, मग त्या टोकाकडून या टोकाकडं. पोहोचेपर्यंत पहिलं टोक परत खराब! त्या छत्तीस वर्षांत मिल्ड्रेडला तीनदा पाणी आलं. तिन्ही वेळा पुरानं रस्ता वाहून गेला, आणि तिन्ही वेळा हा गृहस्थ अलीकडं, वाहून गेलेला रस्ता बांधत! रस्ता झाला की पाणी आटलेलं. साऱ्या दुनियेनं विमानातून बघितलं, फोटो काढले, ज्यानं रस्ता केला त्यानं बघितलं मीठ. त्याच्या रस्त्याच्या टोळीत हर्बी म्हणून एक होता, त्याची माणसं मूळची त्या तळ्याकाठचीच, नकाशा नव्हता तेव्हापासूनची, तो म्हणायचा, "मर्व्ह, येईल रे. घाई तुला आहे, पाण्याला नाही." हर्बी गेला. आणि यंदा उत्तरेकडं असा पाऊस झाला, असा पाऊस झाला, की तीन महिने चालत चालत पाणी मिल्ड्रेडला पोहोचलं. टपालाचं विमान चालवणारा सांगून गेला, अजून दोन आठवडे, मग परत मीठ.

म्हणजे बघा, एकीकडं पाणी आटतंय, एकीकडं डोळे आटतायत. आता नाही तर कधीच नाही. मग मी कोण नाही म्हणणारा? बसलो दाराशी.

पहाटे निघालो. पाण्याचे दोन कॅन, दोन जादा चाकं, थंड मटणाची सँडविच, आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर चहाचा थर्मास. पहिलं फाटक आलं. उतरलो. साखळी काढली, गाडी गेली, लावलं, पळत आलो, बसलो. म्हातारा समोर बघत, म्हणजे माझ्या बाजूच्या खिडकीकडं बघत, "पाव्हणं, कसं सापडलं?"

"बंद."

"कसं ठेवलंत?"

"बंद."

"हां."

दुसरं फाटक. सताड उघडं. आता उघडं आहे तर सरळ जावं ना? "थांबव!" उतरलो. का उतरलो? तर ते उघडंच ठेवलंय की वाऱ्यानं उघडलंय ते बघायला! तारेनं मागं बांधलेलं होतं. "कसं सापडलं?" "उघडं." "कसं ठेवलंत?" "उघडं." "हां." कारण आमच्याकडं हा दुसरा नियम. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. बंद तर बंद, उघडं तर उघडं. आपली अक्कल चालवायची नाही. ज्याची जनावरं त्याला ठाऊक.

असं करत तिसरं, चौथं, पाचवं... पाचवं तर फाटकच नव्हे हो, चार काठ्या आणि काटेरी तारांचं लोळणं! सोडलं की अंगावर येतं, धरलं की शर्ट धरतं. मी तिथं एकटा कुस्ती खेळतोय आणि आत बाप-लेक चहा पितायत. मी म्हटलं, "ग्लेनिस, जरा मदत..." तर ती काच दोन बोटं खाली करते आणि म्हणते, "गार्थ, दाराशी बसेल तो फाटक उघडेल," आणि काच वर! माशा आत येतात ना! मी काय, मी बाहेरचाच!

पण तुम्हाला सांगतो, तो म्हातारा... डोळ्यांनी रस्ता दिसत नाही, बुडानं दिसतो त्याला. खरंच! बाकड्यावर बसल्या बसल्या, "आता उतार लागेल," लागला. "डावीकडं गंजलेली टाकी," होती. "आता कोरडा ओढा, ग्लेनिस, दुसऱ्या गियरमध्ये घे." आला ओढा! आणि मध्ये मध्ये नव्या ग्रेडरवाल्याचा उद्धार. "कोण हाकतो रे आता? हे खरवडलंय की कुरतडलंय?" समोरून गाडी आली की आमच्यात स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, रामराम म्हणून, तर आवाज ऐकून ग्लेनिसच्या आधी ह्याचं बोट वर! स्टिअरिंग नाही काही नाही, थर्मासवरचं बोट उचलतो. दिवसभरात गाड्या आल्या तीन.

आणि जमीन... काय सांगू. लाल. सपाट. तुमचं बोलणं संपतं, गाणी संपतात, सँडविच संपतात, ती संपत नाही. वर आभाळ एवढं की मान दुखते. मी एकतीस वर्षं बघतोय, अजून तिथं उतरलो की मला आपोआप टोपी काढावीशी वाटते. काढत नाही, ऊन असतं.

तर अकरावं फाटक. इथं नीट ऐका, सगळा घोळ इथं आहे. दुपारचे अडीच. म्हातारा झोपलेला, तोंड उघडं, थर्मास छातीशी. उतरलो. साखळी काढली. गाडी गेली. फाटक हातात धरलं आणि डोक्यावरून आवाज आला... शूऽऽ... कापड फाडल्यासारखा. वर बघितलं. पेलिकन! अहो, ती नाही का, चोचीखाली पिशवीवाली, आमच्या लहानपणी धक्क्यावर मासे मागत फिरायची ती! समुद्र तिथून सहाशे किलोमीटर! आणि लाल मातीवरून, कोरड्या आभाळात, पन्नास... शंभर... रांगच्या रांग, पंख न हलवता, सगळी एका दिशेला. मिल्ड्रेडकडं. त्यांना कुणी सांगितलं? कुणी फोन केला? मी समुद्रकाठचा, मी एकतीस वर्षं इथं परका, आणि ही माझ्या गावची पाखरं, न विचारता, न चुकता, माझ्या डोक्यावरून... माझा आ वासलेला. कधी गाडीत बसलो, मला माहीत नाही.

बारावं फाटक झालं. गाडी चालली. म्हातारा जागा झाला. "किती झाली?"

"बारा."

"अकरावं कसं सापडलं?"

"बंद."

"कसं ठेवलंत?"

आणि मी, माझ्या जिभेला काय झालं होतं देव जाणे, मी म्हणालो, "बंद... बहुतेक."

इंजिनचासुद्धा आवाज कमी झाल्यासारखा वाटला. म्हाताऱ्यानं थर्मासचं झाकण लावलं. घट्ट. "बहुतेक?"

"म्हणजे... साखळी लावली असणार. मी नेहमी लावतो."

"असणार?"

ग्लेनिसनं गाडी थांबवली. मागं अडतीस किलोमीटर. पुढं मिल्ड्रेड जेमतेम पाऊण तासावर. ती म्हणाली, "बाबा, मागं जाऊन यायचं म्हणजे दीड तास. ऊन उतरेल. ऊन उतरल्यावर तुम्हाला काही दिसत नाही. उद्या तुम्हाला आणखी... बाबा, आपण कशासाठी आलोय?" तिचा आवाज फाटला हो. माझी बायको, जी मेंढ्यांच्या बाजारात पुरुषांना गप्प करते, तिचा आवाज! आणि मी दाराशी बसून मनात म्हणतोय, गार्थ, पन्नाशी उलटली, आयुष्यात एकच काम दिलं होतं तुला, साखळी!

म्हातारा शांतपणे म्हणाला, "अकराव्याच्या अलीकडं गाई आहेत. पलीकडं आत्ताच आईपासून तोडलेली वासरं. तीनशे. मिसळली तर मालकाची तीन आठवड्यांची मेहनत गेली." थर्मास पायाशी ठेवला. "मी तिशीत होतो. कुणा शहाण्यानं उघडं सापडलेलं फाटक बंद केलं. चांगलं वाटलं असेल त्याला. पलीकडं पाणी होतं. ग्रेडर घेऊन मी पोहोचलो तेव्हा दोनशे गुरं तारेला टेकून मेलेली. पाणी चाळीस पावलांवर. ते मी बघितलंय, ग्लेनिस. चांगल्या डोळ्यांनी बघितलंय. मिल्ड्रेड नाही दिसली तर नाही दिसली. फिरव गाडी."

फिरवली. बारावं फाटक. दाराशी कोण? उतरलो, उघडलं, लावलं. अडतीस किलोमीटरांत तीन वेळा वाटलं, कुणीतरी मला शिव्या घालाव्यात, बरं वाटेल.

आणि अकरावं फाटक?

बंद! अहो, बंद! साखळी लावलेली, कडी अडकवलेली, वर साखळीचं टोक आत खोचलेलं! इतकं सुरेख मी जन्मात कधी लावलेलं नाही! लांबूनच दिसत होतं, मी ओरडलो, "बंद आहे! बंद आहे!" तर म्हातारा, "हात लावून या." उतरलो. हात लावला. आलो. "बंद." "हां," म्हणाला. रागावला नाही. टोमणा नाही. उलट सीटवर आरामात मागं टेकला. "आता रात्री झोप लागेल." ग्लेनिस पुढं बघत गाडी चालवत होती आणि तिच्या गालावरून धुळीतून ओघळ येत होते, आणि मी? बाराव्याला उतरलो. तिसऱ्यांदा! ते फाटक मला आता नावानं ओळखतं.

तेरावं. चौदावं. ऊन कलंडलं. म्हातारा एकदाच म्हणाला, "उजेड किती आहे?" मी म्हणालो, "भरपूर." खोटं बोललो. शेवटची चढण आली, त्यानंच पंचवीस वर्षांपूर्वी काढलेली, आणि ग्लेनिसनं वर गाडी थांबवली आणि...

...

हे बघा, मी बोलका माणूस आहे. तुम्ही मला ओळखता. पण इथं माझी पंचाईत होते. दर वेळी होते.

पाणी. गुलाबी पाणी. खाली मीठ, वर हातभर पाणी आणि त्यावर उतरतं ऊन. आभाळ कुठं संपतं, पाणी कुठं सुरू होतं, काही रेघच नाही. आणि पेलिकन, हजारो, थव्यावर थवे उतरतायत, पाय पुढं करून पाण्यावर घसरत... आणि आवाज. ज्या गावात दिवसभर पत्रा वाजण्यापलीकडं आवाज नाही तिथला मी, आणि समोर एवढा कलकलाट, जत्रेसारखा! काठावर पाटी आहे, पाण्यात उतरू नका, ही जागा आमच्या वाडवडलांची आहे. हर्बीच्या लोकांची पाटी. सासऱ्यानंच खड्डा खणून रोवून दिली होती, मिठाच्या कडेला. आता पाटीचे पाय पाण्यात.

म्हातारा उतरला. चार पावलं गेला. आणि तळ्याकडं पाठ करून उभा राहिला! मी म्हटलं, गेलं, उशीर झाला, नाही दिसत त्याला. मग कळलं. तो कडेनं बघत होता. मान पार वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून. मला म्हणाला, "दुपारी आलो असतो ना, तर नुसता पांढरा झोत दिसला असता. मिठावर असंच व्हायचं. आता दिसतंय." मग, "गार्थ."

गार्थ! एकतीस वर्षांत पहिल्यांदा! मी मागं वळून बघितलं, दुसरा कुणी गार्थ आलाय का!

"गार्थ, मला काठ दिसतोय. काठावरची पाखरं दिसतायत. मधलं दिसत नाही. मधलं तू सांग."

तू! मला तू म्हणाला! आणि मी, जो तुमच्यापुढं तासभर बडबडतोय, मला शब्द सापडेना. म्हणालो, "पाणी आहे."

"ते कळलं. किती?"

"संपत नाही."

"हलतंय?"

"नाही. पाखरू उतरलं की तेवढ्यापुरतं हलतं. मग परत गप्प."

"पलीकडचा काठ?"

"नाहीच आहे, बाबा."

मीही एकतीस वर्षांत पहिल्यांदा बाबा म्हणालो, ते नंतर लक्षात आलं. त्यानं मला डावीकडचा काठ सांगितला, मी त्याला मध्य सांगितला, ग्लेनिस आमच्या मागं बॉनेटला टेकून एकदा रडत होती, एकदा हसत होती. दोघांचं मिळून एक अख्खं तळं झालं. मग आम्ही खाली पाण्याच्या कडेला उतरलो, त्यानं वाकून आपल्या रस्त्यावर हात ठेवला, जिथं रस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं तिथं, आणि म्हणाला, "छत्तीस वर्षं वाटायचं, हा रस्ता मी नेतो कुठं?" बस. एवढंच. तुम्ही दुसरीकडं बघा जरा.

तिथंच अंथरुणं टाकली, झोपलो. आता मला सांगा, गोष्ट इथं संपायला हवी की नको? हवी! पण घरी जायचं होतं ना!

सकाळी गाडीशी आलो तर म्हातारा दारापाशी उभा. "गार्थ, तू मध्ये बस. मी दाराशी."

मध्ये! राजाची जागा! मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला दिसत नाही..." तर म्हणाला, "दाराशी बसेल तो फाटक उघडेल. फाटकाला डोळे कशाला लागतात?" आणि खरंच हो! चौदाव्याला उतरला, हात पुढं केला, साखळी हातात! खट्, उघडलं. गाडी गेली. खट्, लावलं. मला जिथं अडीच मिनिटं लागतात तिथं ह्याला चाळीस सेकंद. तेरावं, बारावं, तसंच. मी मध्ये बसून चहा पितोय! अकराव्याला उतरला आणि तेवढ्यात पुन्हा तो आवाज, शूऽऽ, मागून थवा आला, आणि मी काचेतून बघतोय, म्हातारा फाटक धरून उभा, मान वाकडी, आ वासलेला. बराच वेळ. मग आला, बसला. मी काही विचारलं नाही. तोंडात केक होता.

दहावं झालं. मैलभर गेलो. म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

"ग्लेनिस... अकरावं मी लावलं ना?"

ग्लेनिस म्हणाली, "तुम्हीच उतरला होतात, बाबा."

"हो... लावलं." मग खिडकीकडं बघत, म्हणजे सरळ माझ्याकडं बघत, एकदम बारीक आवाजात, "बहुतेक."

मी हसलो नाही. आईशप्पथ हसलो नाही. ग्लेनिसनं गाडी थांबवली, फिरवायला घेतली. म्हाताऱ्यानं दार उघडलं, खाली उतरला, टोपी नीट केली आणि मला हातानं सरकायची खूण केली.

"चला, पाव्हणं... दाराशी बसा."